नकाशावरच्या दोन टाचण्या

ज्यांनी मला खोटं सांगून फसवलं त्यांच्याशी मी भांडून मोकळी झाले. आज त्यांच्याबद्दल मनात काही नाही. राग राहिला आहे तो एका माणसावर, आणि त्या माणसाने मला एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात, म्हणून आता लिहूनच काढते.

माझं दुकान घोटावडे फाट्यावर. पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्याला उजव्या अंगाने घोटावड्याचा रस्ता फुटतो, त्या कोपऱ्यावर. पुढे किराणा, बाजूला चहा आणि भजी, मागे आमची राहायची खोली. ही गोष्ट ऐंशी सालाच्या मागेपुढची. त्याआधी बरीच वर्षं मी वाड्यांवाड्यांतून आंबेमोहोर गोळा करून पुण्यात विकायला नेत असे. पाटी डोक्यावर, आणि भाव ठरेपर्यंत ती उतरवायची नाही, हा माझा नियम. पाटी एकदा उंबऱ्यावर टेकवली की गिऱ्हाइकाला कळतं, ही आता दमली. मग ते भाव पाडतं. मान मोडून आली तरी मी उभ्यानेच घासाघीस केली आणि त्यातून हा कोपरा घेतला.

कोपरा घेतला तो एकाच हिशोबाने. शहराची बस त्या वेळी बावधनाच्या अलीकडूनच माघारी वळायची. पुढे यायचं तर एस.टी.ची लाल गाडी, ती खच्चून भरलेली, नाहीतर दुधाचा टेम्पो, नाहीतर पाय. घोटावड्याच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले तशी बोलवा सुरू झाली की शहराची बस फाट्यापर्यंत येणार. बस जिथे वळते तिथे ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरतात, माणसं रांगेत उभी राहतात, आणि थांबलेला माणूस चहा पितो. नुसत्या थांब्याचं तसं नसतं. थांब्यावर माणूस चढतो नाहीतर उतरतो आणि चालू लागतो. मला थांबा नको होता. मला बस माझ्या दारात वळायला हवी होती. जमीनमालकाला यातलं काही कळू न देता, ‘जागा अडचणीची हाय, पान्याची सोय न्हाई’ असं नाक मुरडत मुरडत मी ती घेतली.

आणि मग एके दिवशी सकाळीच समोरच्या चिंचेखाली सरकारी खुर्च्या आल्या. रस्त्यावर आडवी दोरी लागली, एक हवालदार उभा राहिला. शहराभोवतीच्या सगळ्या रस्त्यांवर अशी मोजणी चालली होती. एकजण बसल्या बसल्या जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा मारायचा: बैलगाडी, सायकल, टेम्पो, ट्रक. दुसरा, खाकी टोपीवाला, माणसांना थांबवून विचारायचा, कुठून निघालात, कुठे चाललात, कशाला चाललात. बस कुठवर न्यायची ते यावरून ठरणार, असं हवालदार चहा पिताना बोलला. मी त्याला दुसरा कप दिला.

टोपीवाल्याचा आवाज मोठा होता. सकाळभर मी भज्यांचं पीठ कालवत त्याचं ऐकत होते.

“काय आजी, कुठे चाललात?”

“हितंच.”

“इथेच म्हणजे?”

“हितंच की, पल्याड.”

पुढचा सायकलवाला. “कुठे चाललात?”

“कुटं न्हाई. असंच जरा.”

दुधाच्या किटल्या लावलेला एक गवळी तर तिथूनच सायकल वळवून माझ्या दुकानात आला. म्हणाला, “वैनी, तांब्याभर पानी दे. सकाळच्या पारी टोकलं मुडद्यानं.” पाणी प्यायला, घटकाभर बाकावर टेकला, चप्पल काढून पुन्हा घातली आणि नव्याने निघाल्यासारखा निघाला. दोरीपाशी त्याला पुन्हा अडवलं. “आत्ता सांगितलं ना, कुटं न्हाई!” असं ओरडून तो पुण्याकडे निघून गेला. मी हसले आणि भजी तळायला लागले. त्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

पाऊसपाणी होऊन गेलं तेव्हा बातमी आली की बस येणार नाही. ती दुसऱ्या एका रस्त्याला जाणार, तिकडे प्रवासी जास्त. मी त्या दिवशी जेवले नाही. पैसे चारून कुणीतरी बस पळवली, याबद्दल मला शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी लुगडं बदलून मी पुण्याला निघाले. नवरा कारखान्यात रखवालदार होता, तो पाळी संपवून नुकताच घरी आलेला.

“भांडू नगं,” तो म्हणाला. “नुस्तं इचारून ये.”

“मी कदी भांडले?”

त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला. आमच्या घरात शहाणपण त्याच्याकडे होतं, म्हणून तो कमी बोलायचा.

कचेरीत मला ज्या साहेबाकडे धाडलं तो चाळिशीचा, बारीक, शर्टाच्या बाहीला पेन्सिलीचा काळा डाग लागलेला. मी दारातूनच सुरुवात केली. बस कुणाला विकली, केवढ्याला विकली, फाट्यावरची माणसं म्हणजे जनावरं वाटली काय. तो शांतपणे ऐकत राहिला. मला उत्तर न देणारा माणूस आवडत नाही. त्याच्यापुढे घासाघीस करता येत नाही. माझा दम संपल्यावर तो म्हणाला, “या, तुम्हाला दाखवतो,” आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

भिंतभर नकाशा होता. बरेच कागद एकमेकांना चिकटवून केलेला. मधे पुणं, कोळ्याच्या जाळ्यासारखं दाट, आणि बाजूने डोंगरांच्या तपकिरी रेघा. रंगीत पेन्सिलीने त्याचे तुकडे पाडलेले, गावागावावर टाचण्या टोचलेल्या, आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत दोरे ओढलेले. जितकी माणसं जास्त तितका दोरा जाड, असं त्याने समजावलं. कोण राहतं कुठे, जातं कुठे, कोणत्या रस्त्यावर कोंडी होणार, धूर कुठे साठणार, शहर पुढे कुठल्या अंगाला वाढणार, हे सगळं तो त्या दोऱ्यांवरून वाचायचा. तो बोलत होता आणि मी फाटा शोधत होते. शेवटी सापडला. ज्या रस्त्यावर माझी अर्धी हयात गेली तो बोटभर लांबीचा, तांबडा, केसाएवढा बारीक. दुकान नव्हतंच. कागद जुने, मी त्यानंतरची.

“हे बघा,” तो म्हणाला. “बाकीच्या रस्त्यांवरून शहरात येणारे दोरे बघा. आणि हा तुमचा.”

आमच्या अंगाने चांदणी चौकाच्या खिंडीतून शहरात शिरणारा दोरा शिवणाच्या दोऱ्याएवढा होता. फाट्याभोवती मात्र आखूड आखूड दोऱ्यांचा गुंता. जणू मुळशीची माणसं दिवसभर आपल्याच गावाभोवती घिरट्या घालतात.

“हे खोटं हाय,” मी म्हणाले.

“बाई, तुमच्याच माणसांनी सांगितलंय. कुठे चाललात, तर इथेच. इथेच. जवळच. कुठे नाही.”

मला तो किटल्यांचा गवळी आठवला. मी विचारलं, “साहेब, तुमी घरातनं कामाला भाईर पडता तवा तुमची आई इचारती का, कुटं चाललास म्हनून?”

“आई कशाला विचारेल? बायकोने लग्नानंतर एकदा विचारलं होतं. आईने तिला इतकं—” तो थांबला. हातातली पेन्सिल त्याने टेबलावर ठेवली. “कुठे म्हणू नये,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. “लांब का, असं विचारावं.”

“मंग? तुमचा टोपीवाला सकाळच्या पारी दोरी लावून अख्ख्या मुळशीला कुटं कुटं म्हनून टोकत हुता. कोन सांगंल खरं? कुनी पोरीचं स्थळ बघाय निगालंय, कुनी कोर्टात, कुनी दवाखान्यात. सांगितलं की काम नासलं.”

तो हसायला लागला. मीही हसले, पण माझं हसणं लवकर संपलं. तो मात्र नकाशापुढे उभा राहून बराच वेळ हसत होता, मधेच मान हलवत होता. शहराच्या पलीकडच्या अंगाला, मोठ्या कारखान्यांच्या रस्त्यांवर हा घोळ झाला नव्हता, तो म्हणाला. कामगार रोज एकाच दारात जातो, त्याला टोकलं तरी त्याचं काही नासत नाही. तो कारखान्याचं नाव सांगून मोकळा होतो. आमच्याकडे जो तो काहीतरी मनात धरून निघालेला.

आता गाडी माझ्या हातात आली होती. “परत मोजा,” मी म्हणाले.

“मंजुरी नाही. माणसं नाहीत.”

“सांजच्याला मोजा. माघारी येनाऱ्याला इचारा, कुटनं आलात. त्याला कुनी न्हाई म्हनत न्हाई.”

“एक संध्याकाळ फार तर.”

“आठवडाभर.”

“बाई, हा भाजीबाजार आहे का?”

“माज्या ओसरीवर बसा. सावली माजी, कंदील माजा, च्या माजा, जेवान माजं. तुमी फकस्त माणसं आना.”

शेवटी बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस, असं तुटलं. दोन्ही दिवशी तो स्वतः येणार होता. मी परतीच्या वाटेवर लाल गाडीत उभीच होते, पण पाय दुखले नाहीत.

त्या दोन संध्याकाळी माझ्या ओसरीवर जी मजा झाली ती पुन्हा झाली नाही. त्या सकाळी ज्यांच्या तोंडातून अक्षर निघत नव्हतं तीच माणसं आता दोरीपाशी आपणहून थांबत होती. काम झालेलं, पाटी रिकामी, अंधार पडायला अवकाश. टोपीवाल्याने ‘कुठून आलात’ एवढं म्हणायचा अवकाश, लोक सगळंच सांगायचे. मंडईत काय भाव निघाला, ससूनमध्ये मेहुण्याचं पोट कापलं ते कसं दिसत होतं, वकील किती खोटारडा आहे, मुलाकडच्यांनी पोहे दिले पण त्यात शेंगदाणे नव्हते.

डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी हिरडे आणि मध विकायला पुण्याला जायची. वाडीतल्या बायांची पुढारीण तीच. तिला टोपीवाल्याने विचारलं.

“मंडईतनं. आन त्याच्या आदी पेठंत, वैदूबुवांच्या दुकानात. तू कोन, माजा जावाई? सगळं इचारतुया.”

“सरकारी काम आहे आजी.”

“मंग सरकारला सांग, गाडीत माजा पाय चेंगरला. लिव्ह.”

“ते लिहायला जागा नाही.”

“येवढा कागुद हाय आन माज्या पायाला जागा न्हाई व्हय?”

साहेब कोपऱ्यात मांडी घालून बसला होता, त्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं. त्याच्यासाठी मी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. तो मासे खात नसे हे नंतर कळलं. मग पिठलं टाकलं. माझा मूड इतका चांगला होता की पिठलं टाकतानाही मी चिडले नाही.

म्हातारी मात्र जाता जाता एक बोलून गेली. टोपीवाल्याचा शेवटचा प्रश्न नवा होता, साहेबाने त्या दिवशी घातलेला: गाडीतून कुठे उतरायचं? म्हातारी म्हणाली, “ओढ्यापाशी की. हितं उतरून काय करू? आज च्या पियाला उतरली, वैनीनं हाक मारली म्हनून.”

ओढा फाट्याच्या पुढे, पौडाच्या बाजूला. माझ्या दुकानापासून चालत गेलं तर एक विडी ओढून होते तेवढ्या अंतरावर. डोंगरावरच्या साऱ्या वाड्यांच्या पायवाटा त्या ओढ्याच्या काठाने उतरून पुलाजवळ रस्त्याला लागतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच वाटांनी मी तांदूळ आणला होता. पण दुकान झाल्यापासून मी कोपऱ्यावर बसून रस्ता बघत होते, आणि दारावरून जाणारं प्रत्येक माणूस मला माझ्या दारातच थांबणारं वाटत होतं.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. ओढ्यापाशी. पुलावर. ओढ्यापाशी. फाट्यावर. ओढ्यापाशी. चहा ओततानाच मला कळून चुकलं, बस आली तरी ओढ्यापाशीच वळणार.

दुसऱ्या दिवशीची मोजणी उरकली, बाकीचे लोक सामान बांधायला लागले, तेव्हा मी साहेबाजवळ जाऊन बसले.

“साहेब, फाटा आन वढा एकच धरा.”

“का?”

“लांब कुटं हाय? चार ढांगा.”

“नकाशावर दोन टाचण्या आहेत, बाई.”

“एक काडून टाका. तुमाला काय अवघड?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. दुकान, कोपरा, चहाची भांडी, सगळं एकदम कळलं असणार, कारण त्याने मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाला, “आधी खोटे दोरे होते म्हणून तुम्हीच भांडायला आला होता.”

“भांडले म्हनून तर तुमचा नकाशा सुदारला.”

“हो. त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे.”

“आभार घालू चुलीत? माज्या वसरीवर बसून, माजं अन्न खाऊन, माज्याच दारावरनं गाडी फुडं न्हेनार तुमी?”

“बाजारातल्या बाया पाटी घेऊन पुलापासून मागे फाट्यापर्यंत चालत येतील, असं मी कसं लिहू?”

“येत्यात की! मी न्हाई आले चालत?”

त्याने कागदांची सुरळी करून दोरी बांधली. पुन्हा तेच, उत्तर न देणं. मी चुलीवरचा चहा उतरवला आणि त्याच्यादेखत मोरीत ओतला. टोपीवाला रिकामी कपबशी हातात धरून बघतच राहिला. साहेब उठला, पायांत चपला घातल्या, माझ्या नवऱ्याला नमस्कार केला आणि गेला. मला केला नाही. केला असता तर मी घेतला नसता, हे त्याला ठाऊक असणार.

वर्ष-दीड वर्षाने बस आली. फाट्यावर थांबा, आणि वळायची जागा ओढ्यापाशी. पहिल्या गाडीला झेंडूचे हार, नारळ, घोटावड्याची लेझीम. मी दुकानाबाहेर पडले नाही. त्या दिवशी नवरा म्हणाला, “बस तर आली की न्हाई? लाल गाडीचा जीव सुटला.” मी म्हणाले, आली ती ओढ्याला आली, मला आली नाही. त्याने माझ्यापुढे भाकरी सरकवली.

पण मी हात टेकून बसणारी नव्हे. पुलाजवळची जागा एका शेतकऱ्याची होती. खडकाळ, त्यात गवतही धड येत नसे. एका संध्याकाळी मी तिथे गेले. नेहमीसारखी बोलायला लागले: जागा उताराची, पावसात ओढा फुगतो, विंचवं लई. तो बांधावर बसला होता, मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाला, “वैनी, गाडी वळती बग हितं.”

एवढंच. पुढे जो आकडा त्याने सांगितला तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. मी तोडून मागितला, पाठ फिरवून चार पावलं गेले, थांबले. तो हाक मारेना. आयुष्यभर मी समोरच्याची गरज ओळखून भाव करत आले. त्या दिवशी माझी गरज टायरच्या खुणांनी त्याच्याच जमिनीसमोर गोल काढून ठेवली होती, आणि ती त्याला माझ्याआधी वाचता येत होती. त्याच्या बांधावर एका टपरीचे वासे आधीच उभे राहिले होते. त्याच्या भावाची टपरी. चहा चांगला नसणार, हे मला वाशांवरूनच दिसत होतं.

मी रस्त्यावर आले तेव्हा बस वळून उभी होती. शेवटून दुसरी फेरी असावी. पुण्याला रात्री कामाला जाणारी माणसं, लग्नाला निघालेलं एक घर, आणि खिडकीशी ती वाडीवरची म्हातारी. मधाचा डबा मांडीवर, पाय ऐसपैस पसरलेले. लेकीकडे मुक्कामाला निघाली असेल. तिने मला पाहून पाय आखडले.

“ये की वैनी, बस. दुकानापाशी उतरशील.”

“चालत जाते. चार ढांगा हायेत.”

“तर मंग बस की, चार ढांगांना कशाला पाय झिजवतीस.”

मी चढले. तिच्याशेजारी बसले. तिने पेठेतल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने मध पातळ आहे म्हणून कशी किरकिर केली आणि आपण त्याला काय ऐकवलं, ते सांगायला सुरुवात केली. ऐकवलं ते चांगलं होतं. मी एका ठिकाणी तिला सांगितलंही, की तिथे तू डबा खाली ठेवायला नको होतास. ती म्हणाली, “व्हय, तिथंच चुकलं.”

बस निघाली. खिडकीतून वारा आला. गोष्ट अर्धी झाली नाही तोवर कंडक्टरने घंटी मारली. फाट्यावर दोघंतिघं चढायला उभे होते. उतरणारी एकटी मीच.